ओढून पाहिलेला उजेड

सोमवारी सकाळी घंटा वाजली म्हणून मामींनी दार उघडलं, तर दारात कोणी नव्हतं. त्या दार लावून वळल्या तोच पुन्हा घंटा. पुन्हा दार उघडलं, पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दार उघडलंच नाही. आतूनच ओरडल्या, "कोण आहे रे तो? हिंमत असेल तर समोर ये!"

मागच्या खोलीतून भाची धावत आली. "मामी, दार नाही! माझं यंत्र वाजतंय!"

"मग त्याला आपल्या दाराचा आवाज कशाला दिलायस?"

"मी नाही दिला. मामाने दिला."

"आणि हे आहेत कुठे?"

मामा त्या वेळी जिना उतरून रस्ता ओलांडत होते आणि एकूण आयुष्याबद्दल समाधानी होते.

मामांचा धंदा कुलपांचा. जोडीला दाराच्या घंटाही बनवत. पहिल्या मजल्यावर घर, घराच्या पुढच्या खोलीत कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, कानसींचा ढीग आणि खुंटीवर किल्ल्यांचे जुडगे. मागची खोली पूर्वी घंटांचा माल ठेवायला होती, ती आता भाचीकडे होती. भाची लहानपणापासून मामा-मामींकडेच वाढली. मोठी झाली, उजेडाबद्दल काहीतरी शिकायला लांब गेली आणि परत आली ती डोक्यात एक यंत्र घेऊन. मामींना वाटलं होतं, ती काहीतरी कपडे वगैरे घेऊन येईल.

"हे बघ मामा," तिने पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "हेही कुलूपच आहे. बँकेला एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गुपित पाठवायचं असतं. त्याची किल्ली आपण उजेडाच्या एकेका कणातून पाठवायची. मध्येच कोणी तो कण बघायला गेलं, तर तो कण बदलतो. बदलला की आपल्याला कळतं."

"नुसतं पाहिल्याने बदलतो?"

"हो."

"असं कसं? मी तुझ्या मामीकडे इतकी वर्षं पाहतोय, ती कुठे बदलली?"

"पाहता कुठे तुम्ही?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मामांनी पुढे बरंच ऐकून घेतलं. कण कसा एकाच वेळी असाही असतो आणि तसाही असतो, आणि विचारलं की मगच काय ते एक ठरतं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही. पण 'किल्ली' हा शब्द आला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बरं, किल्ली दाखव."

"ती दिसत नाही, मामा."

"न दिसणारी किल्ली हरवली तर शोधायची कशी?"

याचं उत्तर भाचीकडे होतं, पण ते ऐकून मामा आणखी गोंधळले असते, म्हणून तिने चहा घेतला.

यंत्राचं एक टोक मागच्या खोलीत होतं. दुसरं टोक रस्त्यापलीकडे, टेलरमास्तरांच्या दुकानाच्या माळ्यावर. दोघांच्या मध्ये पिवळ्या वेष्टणातली एक काचेची तार, केसासारखी बारीक. ती मागच्या खोलीतून जिन्यात येई, जिन्याच्या भिंतीवरून खाली जाई, रस्त्याखालच्या नळीतून पलीकडे निघे आणि दुकानाच्या भिंतीवरून माळ्यावर चढे. कोणी ती छेडली की यंत्र थोडा वेळ चुका मोजत बसे आणि चुका फार झाल्या की इशारा देई. त्या इशाऱ्याला मामांनी प्रेमाने आपली घंटा बसवून दिली होती. 'घरची घंटा असताना बाहेरून कशाला आणायची?' असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे घंटेचा एकच प्रकार होता, हे खरं.

आता या आठवड्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. बँकेने अट घातली होती. "या आठवड्यात कधीतरी आमचा माणूस येऊन तुमची तार चोरून ऐकेल. केव्हा, ते सांगणार नाही. शनिवारी आम्ही येऊ, तेव्हा तुम्ही सांगायचं, तो केव्हा आला होता. बरोबर सांगितलंत तर यंत्र घेऊ. चुकलात तर नमस्कार." नमस्कार झाला, तर भाची दूरच्या शहरातल्या मोठ्या कंपनीत नोकरीला जाणार होती. त्या कंपनीला रविवारी उत्तर द्यायचं होतं. मामींनी हा विषय एकदाही काढला नव्हता. त्या फक्त तिला न विचारता ताटात वाढत होत्या आणि भाची न बोलता खात होती.

म्हणून सोमवारी घंटा वाजली तेव्हा भाची धावत आली. आनंद झाला की भीती वाटली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मामा टेलरमास्तरांकडे चक्कर मारून परत आले. "काय झालं? चेहरे असे का?"

"मामा, कोणीतरी तार छेडली! आत्ता!"

"आत्ता? अरे, मी आत्ताच सगळी तार बघून आलो! जिन्यापासून माळ्यापर्यंत. व्यवस्थित होती."

"तू बाहेर पडलास आणि लगेच वाजली."

मामांनी डोळे बारीक केले. "म्हणजे मी जाण्याचीच वाट बघत होता."

इथे मामांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मामा कुलूप लावलं की ते ओढून बघत. ओढून न पाहिलेलं कुलूप म्हणजे नुसतं लोखंड, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. इतकी वर्षं हेच केल्यामुळे हात आपोआप जाई. घराचं दार, बरणीचं झाकण, सदऱ्याचं बटण, काहीही असलं तरी मामा जाताजाता ओढून बघत आणि समाधानाने मान हलवत. तारही ते अशीच ओढून बघत होते. जिन्यात एकदा, खाली नळीच्या तोंडाशी एकदा, दुकानात एकदा. प्रत्येक वेळी तार घट्ट निघे. यंत्र चुका मोजून घंटा वाजवेपर्यंत मामा पुढे निघून गेलेले असत. आपण तार बघायला जातो हे ते सगळ्यांना सांगत. ओढतो हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण आपण ओढतो हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

सोमवारी दुपारी मामा पुन्हा तार बघायला गेले. पुन्हा घंटा वाजली. संध्याकाळी गेले, तेव्हाही वाजली.

"मी गेलो की वाजते, मी आलो की थांबते," मामा टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "याचा अर्थ काय? याचा अर्थ, त्याला माझं येणंजाणं कळतंय. आणि ते कोणीतरी त्याला कळवतंय."

"कोण कळवणार?" भाचीने विचारलं.

मामांनी फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ते पाहणं मामींनी पाहिलं.

"बोला ना. थांबलात का? म्हणा, हीच कळवते म्हणून."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? तुमचे कान लाल झाले की मला कळतं. मी फितूर! या घरात साधी गोम मारायची तरी मला बोलावतात आणि मी फितूर!"

"अगं, घरातल्या घरात चौकशी करायचीच असते. नियम असतो तसा."

"कोणाचा नियम?"

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने दुर्दैवाने खरं सांगितलं. "मामी, नियम तसा आहे खरा. तार बिघडली की वाऱ्याने बिघडली की चोराने, हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी चोरच आहे असं धरायचं."

"छान!" मामी म्हणाल्या. "शिकून हेच आलीस."

मंगळवारी मामींनी स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा द्यायचं ठरवलं. त्यांनी जिन्यात खुर्ची टाकली आणि तारेसमोर पहाऱ्याला बसल्या. चोर काही आला नाही. बसल्याबसल्या त्यांना दिसलं की तारेवर धूळ बसली आहे. एवढं मोलाचं यंत्र आणि तार ही अशी कळकट! त्यांनी ओलं फडकं आणलं आणि तार वरपासून खालपर्यंत दाबून दाबून लख्ख पुसली. वर घंटा वाजायला लागली. मामी धावत वर आल्या.

"पकडला का? मी जागची हलले नाही हं! एक मुंगीसुद्धा गेली नाही जिन्यातून!"

"मग वाजली कशी?" भाची डोकं धरून म्हणाली.

"म्हणजे पलीकडून," मामा म्हणाले आणि टेलरमास्तरांकडे निघाले.

टेलरमास्तर साधे गृहस्थ होते. माळा फुकट वापरायला दिला होता आणि त्या यंत्राचा त्यांना मामांपेक्षाही जास्त अभिमान होता. मामा पोचले तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते.

"मास्तर, एक विचारतो, राग मानू नका. ही तार कोणी हाताळतं का?"

"हाताळतं? माझ्या दुकानात? अहो, मी येईल त्याला बजावतो." मास्तरांनी गिऱ्हाइकाला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं आणि तारेवर बोट टेकवलं. "ही बघा, ही तार. हिला हात लावायचा नाही. हिच्यातून उजेड जातो. एकेक थेंब. जराही धक्का चालत नाही. कळलं? ही हीच!" आणि प्रत्येक 'ही'ला त्यांनी बोटाने तारेवर टकटक केलं.

"असंच सांगत जा," मामा समाधानाने म्हणाले. जाताना त्यांनी तार ओढून पाहिली. घट्ट होती.

मंगळवारी घंटा इतक्या वेळा वाजली की शेवटी खरंच दारात पाहुणी आली, तेव्हा कोणीही दार उघडलं नाही. मामींची मावसबहीण होती. खूप वेळ उभी राहून, रागावून परत गेली आणि मग फोनवर बोलायचं ते बोलली. मामींनी फोन ठेवला आणि शांतपणे जाहीर केलं, "उद्यापासून कोणी तारेच्या आसपास फिरकायचं नाही. विशेषतः तुम्ही. उद्या दुपारी तुम्ही केस कापायला जा."

"पण माझे केस..."

"जा म्हटलं ना."

बुधवारी दुपारी मामा केस कापायला निघाले. तारेकडे न बघता जिना उतरले, हात पाठीमागे बांधून. न्हाव्याच्या दुकानात गर्दी होती. परत फिरले, तर टेलरमास्तरांचं दुकान वाटेतच होतं. दार अर्धं ओढलेलं, मास्तर जेवायला गेलेले, आत कोणी नाही. आणि भिंतीवरची तार थोडी सैल पडल्यासारखी दिसत होती. निदान मामांना तसं वाटलं. मामा वाकून आत गेले, तार ओढून पाहिली, घट्ट होती, आणि मान हलवून घरी आले. त्यांच्या डोक्यावर मुळात इतके कमी केस होते की ते कापले आहेत की नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"बरे कापलेत," मामी म्हणाल्या.

मामांना खरं सांगायचं होतं. पण मामी बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं बोलल्या होत्या.

गुरुवारी सकाळी मात्र सगळं उघडकीला आलं. भाची जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून खाली बघत होती. मामा खाली चालले होते. तार आली, मामांचा हात गेला, तार ओढली गेली, मान हलली, मामा पुढे गेले. थोड्या वेळाने मागे घंटा वाजली.

"मामा!"

"काय गं? वाजली? बघ, मी निघालो की..."

"मामा, तू तार ओढलीस!"

"मी? छे."

"आत्ता ओढलीस! माझ्या डोळ्यांदेखत!"

मामांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात अजून वरच होता.

"मी ओढली असेल, असेल. पण मी म्हणजे काय बाहेरचा आहे? मी घरचा माणूस!"

"यंत्राला घरचा-बाहेरचा कळत नाही, मामा! ते जरासा धक्का सांभाळून घेतं, पण असं कोणी ओढलं तर त्याच्या दृष्टीने तू चोरच!"

मामा तिथेच पायरीवर बसले. आपण आठवडाभर ज्या चोराच्या मागे होतो तो आपणच निघालो, हे पचवायला त्यांना वेळ लागला. मामी बाहेर आल्या, ऐकलं आणि पहिल्यांदा पोटभर हसल्या. मग फडक्याची आठवण झाली आणि हसायच्या थांबल्या.

भाची काही हसली नाही. "अगं मामी, खरा माणूस यातच केव्हातरी येऊन गेला असेल तर? आता शोधायचा कसा? शनिवारी मी काय सांगू?" मग तिने डोळे पुसले आणि शाळेतल्या बाईंसारखी समोर उभी राहिली. "आठवा. एकेक वेळ आठवून सांगा. सोमवारी सकाळी?"

"मी," मामा म्हणाले.

"दुपारी?"

"मी."

"संध्याकाळी?"

"मीच."

"मंगळवारी सकाळी?"

"ती मी, पुसताना," मामी म्हणाल्या. 

"त्यानंतरची मास्तरांच्या टकटकीची आणि माझी, मिळून," मामा म्हणाले.

"आणि बुधवारी दुपारी? बुधवारी दुपारी एकदा वाजली होती."

मामांनी तोंड उघडलं.

"बुधवारी दुपारी कोण असणार?" मामी म्हणाल्या. "मी इथे तुझ्याबरोबर भाजी निवडत होते. हे केस कापायला गेले होते. मास्तर त्या वेळेला जेवायला जातात, दुकानात चिटपाखरू नसतं."

भाचीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तेव्हा आपलं कोणीच नव्हतं! म्हणजे तोच! मामी, तोच! बुधवारी दुपारी!" तिने मामींना मिठी मारली, मग मामांना मारली. आठवडाभरात ती पहिल्यांदा हसत होती. मामांचं उघडलेलं तोंड तिच्या खांद्यावर होतं. उघडलं होतं तसंच मामांनी ते मिटून घेतलं.

शुक्रवार मामांना फार जड गेला. खरं सांगितलं तर भाचीकडे सांगायला काही उरत नव्हतं. नाही सांगितलं तर ती चुकीचं सांगणार होती. दोन्हीकडून शेवट एकच, दूरचं शहर. त्यांनी आडवळणाने मामींना विचारून पाहिलं.

"अगं, समज, एखादा माणूस केस कापायला म्हणून गेला आणि न कापताच परत आला, तर?"

"डोक्यावर तुमच्याइतकेच असतील तर न्हाव्यालाही कळणार नाही."

एवढ्यावर तो विषय संपला. मग मामांना एक आशा दिसली. बँकेचा माणूस अजून आलाच नसेल तर? मग आज येईल! आज घंटा वाजली की सगळं सुरळीत होईल. मामा खिडकीत जाऊन बसले, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. ज्या चोराला पकडायला आठवडाभर धावले त्याचीच वाट बघू लागले. रस्त्याने कोणी जरा रेंगाळत चाललं की मामा मनात म्हणत, 'ये बाबा, ये. लाजू नकोस. दुकान उघडंच आहे.' एक जण टेलरमास्तरांच्या दारात थांबलाही. मामा उठून उभे राहिले. त्याने पँट दाखवली, कंबर दाखवली आणि निघून गेला.

घंटा वाजली नाही. भाची खूश होती. "बघ मामा, कोणी हात लावला नाही की कशी शहाण्यासारखी गप्प बसते! म्हणजे तो येऊन गेला, नक्की."

मामांनी पुन्हा पुन्हा हिशेब मांडून पाहिला. सोमवारचा चोर मी. मंगळवारचा मी, ही आणि मास्तर. बुधवारचा मी. गुरुवारचा मी. आज कोणी नाही. मग तो गेला कुठे? भाची म्हणते तसा, असाही आणि तसाही, आलेलाही आणि न आलेलाही? त्यांना वाटलं, आपल्याला हे शास्त्र थोडंथोडं कळायला लागलंय, आणि ते जास्तच घाबरले.

शनिवारी बँकेच्या मोठ्या बाई आल्या. बरोबर त्यांचा तपासणीचा माणूस, चष्मेवाला, हातात बॅग धरून बसलेला, फारसा कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवणारा. बाईंनी यंत्र पाहिलं, चहा अर्धा घेतला आणि म्हणाल्या, "हं. सांगा."

"मला आधी एक सांगायचंय," मामा उभे राहिले.

"आधी तुमच्या भाचीचं ऐकू या."

"पण मला आधीच..."

"अहो, बसा," मामींनी त्यांचा सदरा खाली ओढला. मामा बसले.

भाची म्हणाली, "तुमचा माणूस बुधवारी दुपारी आला होता. टेलरमास्तरांच्या बाजूने."

मामांनी डोळे मिटून घेतले. बाई चष्मेवाल्याकडे वळल्या. "काय हो? बरोबर?"

चष्मेवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने बॅग छातीशी धरली. "बु... बुधवारी दुपारी?"

"ते तुम्ही सांगायचं. केव्हा गेला होतात?"

"बुधवारीच," तो म्हणाला. "दुपारीच. अगदी बरोबर."

मामांनी डोळे उघडले. भाचीने टाळ्या वाजवल्या, मामींनी डोळ्याला पदर लावला, बाईंनी उरलेला चहाही घेतला. मामा मात्र चष्मेवाल्याकडे टक लावून बघत राहिले. बुधवारी दुपारी दुकानात त्यांच्याशिवाय कोणीही नव्हतं. कापडाच्या ठाणामागे लपला असेल? एवढं मोठं ठाण तर नव्हतं.

बाई यंत्र कुठे कुठे बसवायचं ते भाचीशी बोलत राहिल्या, तेवढ्यात चष्मेवाला "जरा खाली जाऊन येतो" म्हणून निघाला. मामा त्याच्यामागे जिन्यात गेले. तो अर्ध्या जिन्यात भिंतीला टेकून उभा होता आणि तारेपासून शक्य तितका लांब.

"काका," तो कुजबुजला, "तुम्ही घरचे मोठे दिसता म्हणून विचारतो. हे यंत्र नक्की काय काय पकडतं?"

"म्हणजे?"

"मी बुधवारी आलोच नव्हतो! मी कधीच आलो नाही!" त्याने वर बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "रोज म्हणत होतो उद्या जाऊ. मला ती तार ऐकायची कशी तेसुद्धा नीट माहीत नाही, बाईंना सांगायची लाज वाटली. बुधवारी दुपारी मात्र ठरवलं, जायचंच. बूटसुद्धा घातले. मग जेवण जास्त झालं होतं, जरा पडलो, तर झोप लागली. फक्त मनात आलं होतं हो! आणि यंत्राने नेमकं तेच पकडलं!"

मामांना त्या माणसाची फार दया आली. "अहो, तसं काही नाही. बुधवारी ती तार मी ओढली होती."

चष्मेवाल्याने त्यांचा हात हातात घेतला. "काका, तुम्ही चांगले आहात. मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"अहो, खरंच मी! मी केस कापायला गेलो होतो, पण कापले नाहीत..."

चष्मेवाल्याने मामांच्या डोक्याकडे पाहिलं. "कापलेले दिसतायत की. नको काका. मी बाईंना सांगणार आहे, प्रत्येक शाखेत बसवा. अशा यंत्रापुढे कोणाची हिंमत होणार?"

तो खाली जाऊ लागला. मामांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. भाची राहणार होती, मागची खोली राहणार होती. पण त्यांच्या जिवाला स्वस्थता येईना. त्यांच्या घरातून आजवर एकही कुलूप परक्याने ओढून पाहिल्याशिवाय बाहेर गेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या हातात देऊन ते म्हणत, ओढा. गिऱ्हाईक ओढे, मगच व्यवहार. हे पहिलं कुलूप असं होतं की जे चोराने न येताच पास केलं होतं.

"थांबा," मामा म्हणाले. "तुमचं काम राहिलंय."

"कोणतं?"

"ओढा." मामांनी तारेकडे बोट केलं. "एकदाच. जोरात. आठवडाभर तुम्ही ओढायची ती मी ओढली. आता तुम्ही ओढा."

"मी हिला हात लावणार नाही!"

"मग मी वर जाऊन सांगतो, तुम्ही झोपला होतात म्हणून."

चष्मेवाल्याने बॅग पायरीवर ठेवली. दोन बोटांनी तार धरली, डोळे घट्ट मिटले आणि ओढली. काही झालं नाही. त्याने एक डोळा उघडला. मामा श्वास रोखून उभे होते. भाचीचं यंत्र वर मोजत असणार. मोजू दे. निवांत मोजू दे.

मग घंटा वाजली. खणखणीत, स्वच्छ, एका खऱ्या चोराने वाजवलेली. मामांचा ऊर भरून आला. त्यांनी शाबासकी द्यायला हात पुढे केला, पण चष्मेवाला बॅगेसकट रस्त्यावर पोचलाही होता.

वरून भाचीचा आवाज आला, "मामा! पुन्हा?"

"अहो, पाहुण्यांसमोर तरी!" मामी.

"मामांना जरा तारेपासून लांबच ठेवा हं," बँकेच्या बाई हसत म्हणाल्या.

"मी नाही!" मामा खालून ओरडले. "या वेळी मी नाही! शपथ!"

वर तिघी मिळून मोठ्याने हसल्या. मामा एकटे जिन्यात उभे राहिले. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग तारेकडे पाहिलं. ती अजून जराशी हलत होती. आणि मग ती कोणी ओढली, हे त्यांना स्वतःलाच खात्रीने सांगता येईना.